एम म्हणजे म्हैस

(दृश्य: पहाटेचा अंधार. पत्र्याच्या शेडपुढे किटल्यांची रांग.)

कोल्हापूर जिल्ह्यातली एक दूध संस्था. पहाटेचे साडेपाच. किटली काट्यावर जाते, नमुना फॅट मशीनला लागतो आणि पडद्यावर एक ओळ उमटते: कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अकरा वर्षांच्या या ओळी एकाच डेटाबेसमध्ये साठल्या आहेत.

(दृश्य: पडदा. ओळी सरकताना.)

टाइपच्या रकान्यात दोनच अक्षरं, जी आणि एम. गावात कुणालाही विचारा, गाय आणि म्हैस. चॅटमधल्या एआय सहाय्यकानं मात्र हे गाव पाहिलेलं नाही.

(दृश्य: चॅटची खिडकी. बोटं कीबोर्डवर.)

संस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी ही इंजिनिअर. पहिल्या दिवशी तिनं एवढंच लिहिलं: म्हशीच्या दुधाची महिन्याची बेरीज काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, दे. क्वेरी आली, अगदी नीटनेटकी, आणि तिच्यात टाइप बरोबर 'बी'. बफेलोचा बी. उत्तर, शून्य ओळी. कोल्हापुरात म्हशीचं दूध नाही! पुढची क्वेरी तर चाललीच नाही. तिच्यात विंडो फंक्शन होतं, म्हणजे प्रत्येक ओळीसोबत आसपासच्या ओळींचाही हिशोब करणारी सोय, आणि कोपऱ्यातला हा सर्व्हर अजून मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीवर आहे. ती सोय आली ८.० मध्ये, २०१८ साली. आवृत्ती कोणती, हे सहाय्यकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

(दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं.)

मग ती विचारण्याची पद्धत बदलते. 'शो क्रिएट टेबल' म्हटलं की टेबलाची सगळी बांधणी समोर येते: रकाने, त्यांचे प्रकार, 'की' (ओळ ओळखायचे रकाने), इंडेक्स. ते जसंच्या तसं चॅटमध्ये. वर आवृत्तीची एक ओळ. खाली पाच नमुना ओळी, पण बनावट. सभासदाचं नाव, आधार, बँक खातं, यातलं खरं काहीही या खोलीबाहेर जात नाही. एरर आली तर तिचा मजकूर अक्षरन् अक्षर. क्वेरी रेंगाळली तर 'एक्स्प्लेन'चं, म्हणजे क्वेरी कशी चालणार ते दाखवणाऱ्या आदेशाचं, उत्तर. आणि निकाल कसा दिसायला हवा, त्याचा हातानं भरलेला तक्ता.

क्वेऱ्या चालू लागल्या. फसवलं ते चालणाऱ्या क्वेरीनंच.

(दृश्य: सचिवांची वही, अगदी जवळून. निळी शाई, दुधानं कडक झालेल्या कडा.)

जुलैची सरासरी फॅट. एका सभासदाच्या म्हशीच्या दुधाची आली ५.१. आकडा कमी, पण अशक्य वाटावा असा नाही, म्हणून कुणी थबकलं नाही. यादी फलकावर लागली आणि दोन दिवसांनी उतरवली.

सचिवकाकांनी वही उघडली. "लाईट गेली की मशीन शून्य मारतंय, पोरी. त्यो फॅट न्हवं."

एसक्यूएल, म्हणजे क्वेरीची भाषा, सरासरी काढताना रिकामी जागा, म्हणजे नल, सोडून देतं. शून्य सोडत नाही. तो त्याच्या लेखी आकडाच. आणि मशीन बंद असल्याचं टेबलाच्या बांधणीत कुठंच दिसत नाही. ते होतं या वहीत. कोणत्या पाळीला मशीन बंद, कुठं मागच्या पाळीचा फॅट धरला. महिना तीन बिलांत तुटतो, एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते अखेर, हेही इथंच. नऊशेच्या पुढचे कोड सभासदांचे नाहीत, परगावच्या दुधाचे आहेत, हेसुद्धा.

(दृश्य: दोघं एका पडद्यासमोर. वही काकांच्या मांडीवर.)

दुपारभर काका वाचतात, ती टाइप करते. चॅटमध्ये नव्हे, थेट डेटाबेसमध्ये, रकान्याच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या टिपेत. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी रकान्याची व्याख्या पुन्हा पूर्ण लिहावी लागते. नॉट नल (रिकामं चालणार नाही) किंवा डिफॉल्ट (काही न भरल्यास धरायची किंमत) लिहायचं राहिलं, तर ते गळून पडतं. म्हणून आधी बॅकअप, मग एकेक रकाना. यापुढं कुणीही टेबलाची बांधणी मागितली, की या ओळी तिच्यासोबतच येतील.

(दृश्य: कर्सर. खिडकीबाहेर संध्याकाळची रांग.)

टाइप: जी म्हणजे गाय, एम म्हणजे म्हैस.

फॅट: शून्य म्हणजे मशीन बंद. सरासरीत धरू नये.

शिफ्टपाशी दोघं अडतात. पहिल्या वर्षाच्या नोंदींत तिथं नुसतं 'एस' आहे. सकाळ, की संध्याकाळ?

काका वहीची पानं मागं उलटतात.