बांधाबाहेरचा तांदूळ

(दृश्य: भरतीची वेळ. मानसच्या फळ्यांवर आपटणारं पाणी.)

गोव्यातलं खाजन म्हणजे खाऱ्या नदीकाठची, बांध घालून राखलेली शेतजमीन. तिच्या बांधात बसवलेलं हे लाकडी दार म्हणजे मानस. भरती चढली की नदीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी रेटतं आणि ते उघडतं. फटी चिखल-पेंढ्याने लिंपायच्या आणि कुजलेली फळी वेळेत बदलायची, एवढंच काम माणसाकडे उरतं. तेवढं चुकलं की खारं पाणी शेतात. खारेपणा सोसणारं कोरगुट भातही मग तिथे धरत नाही. पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत शेत पडीक.

पणजीतले हिशेब पुढे पाहू. आधी हे दार लक्षात ठेवा.

गोव्याला पुरेल इतका तांदूळ गोव्यात कधी पिकलाच नाही. उरलेला बाहेरून यायचा, ब्रिटिश हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून. त्याचे पैसेही बाहेरूनच यायचे: मुंबईतल्या कुडांमध्ये, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे खलाशी, आचारी, बँडवाले, आफ्रिकेत गेलेले कारकून. घरात मनीऑर्डर आली की दुकानदाराची उधारी फिटायची.

(दृश्य: जुन्या रुपियाच्या नोटा.)

1929 नंतर जगभर मंदी आली. अशा वेळी सरकारच्या हाती काय असतं? कर्ज काढून कामं काढणं, चलनाचा दर हलवणं, जकात वरखाली करणं. पणजीच्या हाती यातलं फारसं काहीच नव्हतं. सालाझार 1928 मध्ये लिस्बनला अर्थमंत्री झाले आणि 1930 च्या वसाहत कायद्याने तिजोरीची दोरी लिस्बनकडे गेली: जमेइतकाच खर्च. इथलं चलन रुपिया, हिंदुस्थानी रुपयाशी बरोबरीने बांधलेला, रुपया पौंडाशी बांधलेला. सप्टेंबर 1931 मध्ये पौंडाने सोन्याशी असलेली गाठ सोडली, मागोमाग रुपया, त्याच्या मागे रुपिया. पणजीला कोणी विचारलंसुद्धा नाही. राहिली जकात. पण मंदीत मालच कमी येतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच जकात आटते.

मग महायुद्ध. पोर्तुगाल तटस्थ होता, पण तटस्थ राहून तांदळाचं पोतं भरत नाही. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशी तांदूळ संपला. धान्यावर नियंत्रण आलं. भाव बांधून देणं कागदावर सोपं असतं. पण सरहद्दीच्या एका बाजूला भाव दोन पैशांनी जरी चढा असला, तरी पोती रात्रीची तिकडे चालू लागतात. चौकी रस्त्यावर असते आणि पायवाटा रानात. मुरगाव बंदरात युद्धाच्या सुरुवातीपासून अडकलेली जर्मन जहाजं 9 मार्च 1943 च्या रात्री ब्रिटिशांच्या छुप्या हल्ल्यात पेटली. त्या हल्ल्याची गोष्ट सगळे सांगतात, पेजेच्या तांदळाची कोणी सांगत नाही.

(दृश्य: कुळेचं स्थानक, रिकामा रूळ.)

खरी कसोटी लागली ती 1955 साली. सरहद्दीवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने कॅसलरॉककडून येणारी रेल्वे थांबवली, माल बंद केला, पैसे पाठवण्यावरही निर्बंध आणले. नारळ, सुपारी, मासळी, फळं यांचा शेजारचा बाजार तुटला. रेल्वे बंद होण्याचा बोभाटा झाला. माझ्या मते मोठा घाव मनीऑर्डरवर बसला होता.

जेमतेम सहा लाख लोकांच्या या प्रदेशाला खायला घालायचं कसं? पोर्तुगीज सरकारने समुद्राकडे तोंड वळवलं. तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून आणि बटाटे चक्क हॉलंडमधून. बेळगावचा बटाटा घाट उतरला की गोवा, आणि गोव्याच्या ताटात बटाटा युरोपातला! त्याच साली दाबोळीला विमानतळ झाला आणि कराचीपर्यंत विमानं जाऊ लागली. पुढे 1959 मध्ये रुपियाही मोडीत काढला: एका रुपियाला 6 एस्कुदो, म्हणजे पोर्तुगालचं चलन. भारताच्या रुपयाशी असलेली गाठ अशी सुटली.

या सगळ्याचे पैसे भरले ते डोंगराने.

(दृश्य: खाणीचा पायऱ्यापायऱ्यांचा कडा, लाल धूळ.)

युद्धानंतर जपानला पोलाद हवं होतं आणि गोव्यात लोखंडाचं खनिज उघड्यावर होतं. वरचा जांभा आणि माती काढायची, खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये, मांडवी किंवा झुवारीने मुरगावला. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात. मग बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून झुवारीत वळवायची, तीही भरतीचं पाणी बघून. 1961 पर्यंत निर्यात वर्षाला 60 लाख टनांच्या घरात गेली. परकीय चलन आलं, दुकानांत घड्याळं, पेनं, डब्यातलं चीज आलं. नाकेबंदीत उपासमार झाली नाही, हे मान्य करायला हवं. पण आयात परवडते म्हटल्यावर भाताची निकड कोणाला राहणार? मजुरीही खाणीवर रोकडीने मिळू लागली.

आणि एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती ढिगाऱ्यात राहते मे महिन्यापर्यंत. जूनमध्ये ओहोळाने शेतात उतरते, गाळ बसतो, पाण्याच्या वाटा बुजतात.

(दृश्य: पुन्हा मानस. एक फळी खालून कुजलेली.)

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. मग एस्कुदो जाऊन रुपया आला, रूळही पुन्हा जोडले गेले. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधाची देखभाल गावकारीकडून, म्हणजे गावच्या जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेकडून, कुळांच्या संघाकडे आली. आज कित्येक खाजनांत भाताच्या जागी खारफुटी उभी आहे. फळी कोणी बदलायची यावर संघाची बैठक बसते. भरती त्याच दिवशी दोनदा येऊन जाते.