खेळ संपला पाहिजे

(दृश्य : देसाईगंज-वडसा. रस्त्याच्या कडेला नाटक कंपन्यांचे फलक आणि रंगीत पोस्टर.)

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई नावाची जत्रा सुरू होते. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार आणि रात्री नाटक. वडशातल्या नाटक कंपन्या दरवर्षी नवी नाटकं बसवतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातल्या गावागावांत नेतात. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. माणसं पांघरुणं झटकून उठतात आणि घराच्या वाटेवर नाटकाबद्दल बोलत राहतात. खलनायक जमला का, गाणं चढलं का, शेवट पटला का. शेवट झालेला असतो, म्हणून तर तो पटला की नाही यावर भांडता येतं.

मी याच भागात वाढलो आणि लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळत आलो. मला इथे जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं मनात बाळगून आहे. मोठ्या कंपन्यांनी खेळांमधून आणि सिनेमांमधून शेवट काढून टाकला आहे. यात खेळणाऱ्याचं नुकसान आहे, आणि ते पैशापेक्षा मोठं आहे.

(दृश्य : जुना टीव्ही. त्याला जोडलेला गेम, बाजूला पिवळी कॅसेट.)

नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या बाजारात जो टीव्ही गेम मिळायचा, तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल असायचा. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९९९ इन १’. आत खेळ मोजकेच, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. पण ते मोजके खेळ काय खेळ होते! कॉन्ट्रा, मारिओ आणि बॅटल सिटी, जिला कुणीच बॅटल सिटी म्हटलं नाही, सगळे ‘टँक’च म्हणायचे. कॅसेट लागली नाही की बाहेर काढून फुंकर मारायची. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

१९८५ सालचा सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. सकाळी सकाळी मोबाइलवर येणारा शुभेच्छांचा एक फोटोही बहुतेक वेळा त्याहून जास्त जागा खातो. जागा वाचवण्यासाठी बनवणाऱ्यांनी ढग आणि झुडूप यांना एकच चित्र वापरलं, फक्त रंग बदलला. सुरुवातीलाच समोरून गूम्बा नावाचा एक शत्रू चालत येतो. अंगावर आला की मारिओ मरतो, पुढच्या वेळी तुम्ही उडी मारता. एक शब्द न लिहिता खेळाने तुम्हाला शिकवलं. इंग्रजीचं अक्षर न येणारी पोरं तो खेळ शिकली ती अशी.

कॉन्ट्रात आठ टप्पे आणि तीन जीव. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए : ही बटणं दाबून तीस जीव मिळवायची युक्ती इंटरनेट नसताना तोंडातोंडी खेड्यांपर्यंत पोचली. शेवटी बेट स्फोटात उडतं आणि हेलिकॉप्टर निघून जातं. ते ज्याने पाहिलं, त्याला वर्गात मान होता.

(दृश्य : मारिओच्या वेगवेगळ्या काळातल्या खेळांचे तुकडे.)

मालिका असण्याला माझा विरोध नाही. झाडीपट्टीच्या नाटकांनाही साचा आहे : घरातली फूट, गरीब-श्रीमंत, मध्येच विनोदी पात्र. तो साचा प्रेक्षकाला हवा असतो, मलाही हवा असतो. प्रश्न एवढाच, की पुढचा भाग निघाला तो काही सुचलं म्हणून, की तारीख आली म्हणून?

मारिओ १९९६ मध्ये त्रिमितीत आला, तेव्हा पात्राला मोकळ्या जागेत कसं चालवायचं हे सगळ्या खेळ बनवणाऱ्यांना नव्याने शिकायला मिळालं. २०१७ च्या ओडिसीत त्याची टोपी समोरच्याच्या डोक्यावर फेकायची आणि त्याच्यासारखं वागायचं. तिसाव्या वर्षानंतरही नवी कल्पना! प्रिन्स ऑफ पर्शियाचंही तसंच. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून १९८९ मध्ये राजपुत्राच्या हालचाली उभ्या केल्या. २००३ मध्ये त्याच मालिकेने वेळ मागे फिरवण्याची करामत दिली. आणि तिचा पुढचा भाग करता करता एक वेगळाच खेळ जन्माला आला, २००७ चा असॅसिन्स क्रीड.

पुढे याच असॅसिन्स क्रीडचं काय झालं ते बघा. २००९ पासून २०१५ पर्यंत दरवर्षी मुख्य मालिकेतला नवा भाग. २०१४ चा युनिटी इतक्या घाईत बाहेर आला, की काही पात्रांचे चेहरेच गायब. नुसते डोळे आणि दात हवेत. कंपनीला माफी मागावी लागली. २०१६ मध्ये मुख्य भाग काढला नाही आणि २०१७ ला प्राचीन इजिप्तमधला ओरिजिन्स आला, टवटवीत. शेत एक वर्ष पडीत ठेवलं की पुढचं पीक कसं येतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

सिनेमाचं म्हणाल तर, मार्व्हलने २००८ च्या आयर्न मॅनपासून बावीस चित्रपटांत गोष्ट बांधत नेली आणि २०१९ मध्ये एंडगेममध्ये ती संपवली. आयर्न मॅन मेला. मला तो शेवट मनापासून आवडला, आजही आवडतो. पण २०२१ पासून त्याच गोष्टीच्या वेबमालिका सुरू झाल्या, एक चित्रपट कळण्यासाठी आधी दुसरीकडचे भाग बघण्याची वेळ आली, आणि २०२४ मध्ये जाहीर झालं की तोच नट आता डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून परत येणार. नट उत्तम आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मग त्या मरणावर रडलेल्या माणसांचं काय? पात्राचं मरण प्रेक्षकाने खरं मानलेलं असतं. त्या विश्वासावरच गोष्ट उभी असते.

(दृश्य : पावसाळा. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलणी झालेली. बायका रांगेत परे, म्हणजे धानाची रोपं, लावताहेत.)

आता माझ्या सगळ्यात आवडत्या खेळाकडे येतो. सकुना. नोव्हेंबर २०२० मध्ये आला. एडलवाइस नावाच्या छोट्याशा जपानी गटाने बनवलेला. कुठल्या जुन्या मालिकेचा भाग नाही. सकुना ही पिकाची देवी, तिला राक्षसांच्या बेटावर पाठवलेलं असतं. दिवसा लढाई आणि उरलेल्या वेळात धानाची शेती. शेती म्हणजे बटण दाबलं आणि पीक आलं, असं नाही. बियाणं निवडायचं, परे तयार करायचे, मग रोवणी, एकेक रोप हाताने. पाण्याची पातळी राखायची, निंदण करायचं, कापून वाळवायचं, मळायचं, मुसळाने कांडायचं. जसं पीक येईल तशी सकुनाची ताकद वाढते. तो खेळ आला तेव्हा जपानमधले खेळणारे धानाची माहिती शोधायला थेट त्यांच्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जात होते.

मी खेळत असताना शेजारच्या आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “एवढा पानी कायला भरलास गा? परे सडतील ना.”

गेम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बांधी त्यांनी ओळखली. जगभर गाजलेल्या, अब्जावधींच्या मालिकांपैकी एकही आमच्या घरातल्या कुणाशी असं बोललेली नाही. बनवणाऱ्यांनी आपल्या मातीतली एक गोष्ट जीव लावून पाहिली आणि ती वडशापर्यंत पोचली. सकुनाची गोष्टही पुरी होते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने त्याच २०२० मध्ये ‘राजी’ केला, तोही असाच आपल्या पुराणकथांवर उभा असलेला, शेवट असलेला खेळ. झाडीपट्टीत लिहिणारे, गाणारे, पडदे रंगवणारे आहेत. इथला खेळ का होऊ नये?

(दृश्य : शाळेच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेली मुलं.)

ही मुलं जे खेळतात त्याला शेवटच नाही. दर थोड्या दिवसांनी पैसे देऊन घ्यायचा नवा पास, त्यातून नवे कपडे, बंदुकीला नवा रंग. खेळ संपत नाही, पास संपतो. मित्रांबरोबर खेळण्याचा आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण न संपणारा खेळ एक दिवस बंद केला जातो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर थांबले. ते सरकारने केलं. कंपन्या स्वतःही करतात. कॉनकॉर्ड हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. निदान त्याचे पैसे परत मिळाले. २०१४ चा गाड्यांचा खेळ, द क्रू, मात्र नऊ वर्षं लोकांनी विकत घेतला, आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर एकट्याने खेळायचा भागसुद्धा चालेना. पैसे मोजून घेतलेली वस्तू घरबसल्या निकामी झाली. त्या जुन्या नकली कॅसेटा मात्र अजून चालतात.

यावरूनच युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या नागरिकांच्या निवेदनावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे : विकलेला खेळ बंद करायचा असेल तर करा, पण ज्याने घेतला त्याच्याकडे तो चालू राहील अशी सोय ठेवून जा. ही मागणी आपणही करायला हवी, आणि खेड्यातल्या खेळणाऱ्याने तर आधी. पावसाळ्यात टॉवर गेला की आमच्याकडे दिवसदिवस रेंज नसते. म्हणून गावातला एखादा मुलगा कुठला गेम घेऊ असं विचारतो, तेव्हा मी आधी एवढंच सांगतो : नेट बंद करून बघ, सुरू होतो का.