पाटीवरची अक्षरं पुसट झालेली खानावळ

(दृश्य : मालवण. बाजारामागची गल्ली, कौलारू घर, पडवी.)

सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ सालची. तिकडे जाणारी होडी गाठायच्या घाईत पर्यटक या दारावरून सरळ पुढे जातात. त्यांचंही चुकत नाही. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौलं, पडवीत दोन बाकं, दोरीवर पंचे. हे कुणाचं तरी राहतं घरच वाटतं. जुन्या खानावळी अशाच असतात : ओटीवर पंगत, मागच्या दारी चूल.

छापील मेनू शोधू नका. "आज मासो खयचो आसा?" एवढंच विचारा. सकाळी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, जे लागलं, तेच दुपारी ताटात येतं. बांगडा असेल तर तिखलं, म्हणजे त्याचं तिखट, दाटसर कालवण, मागा.

(दृश्य : पाटा-वरवंटा, अगदी जवळून.)

चार मध्यम बांगड्यांना दहा-बारा बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि मूठभर ओलं खोबरं. मिरच्या अर्धा तास भिजवायच्याच, नाहीतर सालं दाताखाली येतात. वाटप गंधासारखं मऊ हवं. खरी परीक्षा तिरफळांची, म्हणजे माशाच्या कालवणात पडणाऱ्या त्या उग्र वासाच्या सुक्या फळांची. सात-आठ तिरफळं घ्यायची, आतली काळी बी काढून टाकायची, सालं थोड्या पाण्यात नुसती ठेचायची आणि पाण्यासकट कालवणात सोडायची. वाटपाबरोबर वाटली की सगळं कडवट होतं. मासा पडल्यावर डाव फिरवायचा नाही, बांगडा मोडतो. भांडंच दोन्ही हातांनी धरून हलवायचं. सात-आठ मिनिटं पुरतात. चार-पाच आमसुलं शेवटी.

सोलकढीला नारळाचं पहिलं, दाट दूध. ती चुलीवर चढवायची नाही, फाटते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलं तर मीठ चाखूनच घालायचं, कारण आगळात ते आधीच असतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत सुरमईचा हट्ट नको, ती बहुधा बर्फातली निघेल. त्यापेक्षा सुका बांगडा चुलीत भाजून आणि सोबत कुळथाची पिठी मागा. पावसातलं हे जेवण कमी प्रतीचं मुळीच नाही.

साडेबाराला पोचा. उशीर झाला की मासा संपतो, आणि चांगल्या खानावळीत तो संपायलाच हवा.

(दृश्य : ताट. उकड्या तांदळाच्या भाताची वाफ.)

भाताची पहिली वाढ तिखल्याबरोबर. दुसरी मागून घ्या, त्यावर सोलकढी ओता.