उतरणीचे स्नायू

नमस्कार मंडळी. या इमारतीला लिफ्ट नाही. तुम्ही सगळे गिरगावातल्या जुन्या पद्धतीचा लाकडी जिना दोन मजले चढून आलात, आणि पहिली पाच मिनिटं सभागृहात फक्त पंख्यांचा आणि धापांचा आवाज होता. मी मुद्दाम थांबलो. आता सांगा, हा जिना चढायची धास्ती कुणाला वाटते? तीन... चार हात. आणि उतरायची? बघा, पुढच्या दोन रांगा जवळजवळ सगळ्या वर. दम लागतो चढताना, पण कठडा घट्ट धरतो आपण उतरताना. आज मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय.

वैद्यकीय महाविद्यालयात मी कितीतरी वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. स्नायू म्हटलं की फळ्यावर पहिला शब्द लिहायचो, आकुंचन. लहान मुलाला 'बेटकुळी काढून दाखव' म्हटलं की ते हात दुमडतं आणि दंडावर गोळा उभा राहतो. स्नायूची आपली कल्पना तिथेच संपते. स्नायू आखडतो, हाड ओढलं जातं, काम होतं. हे खोटं नाही. स्नायूला ढकलता येत नाही, ओढताच येतं, म्हणून तर प्रत्येक सांध्याला दोन्ही बाजूंनी स्नायू लागतात. पण ते अर्धंच खरं आहे, आणि मी बरीच वर्षं अर्धंच शिकवलं, ही माझी कबुली.

समोर पाण्याची बाटली असेल तर उजव्या हातात घ्या. डावा पंजा उजव्या दंडावर ठेवा. बाटली खांद्याकडे आणा. लागला गोळा हाताला? आता बाटली हळूहळू खाली न्या, अगदी हळू. कोपर उघडतंय, म्हणजे मागच्या बाजूचा स्नायू कामाला लागायला हवा, नाही का? चाचपून बघा. मागचा ढिला आहे. काम करतोय तोच, पुढचा, बेटकुळीचा. तो ओढतोय आणि ओढता ओढता लांब होतोय. बाटलीला खाली न्यायला गुरुत्वाकर्षण समर्थ आहे, ती धाडकन पडू नये एवढंच याचं काम. ब्रेक.

जिन्यात हेच मांडीच्या पुढच्या स्नायूचं होतं. हिशेब करू. साठ किलोचा माणूस तीन मीटरचा मजला चढला की सुमारे १,८०० जूल ऊर्जा त्याच्या खात्यात जमा होते. उतरताना तेवढीच काढून टाकायची असते. गाडीत ती ब्रेकच्या चकतीत जाते, माणसात बहुतांश मांडीत आणि पोटरीत, आणि शेवटी तिची उष्णता होते. प्रत्येक पायरीला गुडघा थोडा वाकतो आणि मांडीचा स्नायू ताठ राहून ताणला जातो. पुलावरून फलाटावर उतरणारी सकाळची गर्दी डोळ्यांसमोर आणा. हजारो मांड्या एका लयीत ब्रेक मारताहेत.

आता आत काय चालतं ते पाहू. १९५४ साली 'नेचर' साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत, परीक्षेत मुलं हमखास तसं लिहितात. दोन्ही लेखांचं म्हणणं एकच होतं. स्नायूतले तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. जाड तंतू मायोसिन नावाच्या प्रथिनाचा, त्याला असंख्य बारीक मुंडकी. पातळ तंतू अॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा. मुंडकी अॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. सोडायला प्रत्येक वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. एटीपी संपला तर मुंडकं सुटतच नाही. मेल्यावर शरीर ताठ होतं ते यामुळेच.

चाळीतलं बिऱ्हाड हलवताना तुमच्यापैकी कितीजणांनी गॅलरीतून दोरखंडानं लोखंडी कपाट वर घेतलंय? चार जण हातावर हात टाकत दोर ओढतात, प्रत्येक पकड सोडून नवी घ्यायची, घाम निघतो. तेच कपाट खाली सोडायचं असेल तर दोघे पुरतात. दोर मुठीतून सरकू द्यायचा, फक्त आवळून धरायचं. दम लागत नाही. तळहात मात्र सोलवटतात. हे चित्र लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातच आहे. ताणल्या जाणाऱ्या स्नायूत मुंडकी एटीपी खर्चून सुटण्याऐवजी बरीचशी हिसक्यानंच सुटतात आणि लगेच पुन्हा धरतात, असं मानलं जातं. म्हणून खर्च कमी. आणि जोर? तोच स्नायू आखडताना देतो त्याहून कितीतरी जास्त, एका जागी घट्ट धरून देतो त्याच्या दीडपटीपर्यंत.

खर्चाची गंमत लंडनमध्ये १९५२ साली तिघांनी दाखवली. बर्नार्ड अॅबट, ब्रेंडा बिगलंड आणि मर्डॉक रिची. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीनं जोडल्या. एकानं नेहमीसारखे पेडल मारायचे, की दुसऱ्याचे पेडल उलटे फिरू लागतात, आणि दुसऱ्यानं त्यांना विरोध करायचा. वेग दोघांचा एक, जोरही जवळजवळ सारखाच. प्रेक्षकांसमोर एका बाजूला धिप्पाड तरुण बसवला आणि विरोध करायला किरकोळ अंगाची तरुणी. थोड्याच वेळात तरुण घामाघूम, आणि ती शांत. प्राणवायू मोजला तेव्हा ओढणाऱ्याला रोखणाऱ्याच्या काही पट जास्त लागत होता. वेग वाढवला की फरक आणखी वाढायचा.

मग इतकं स्वस्त असेल तर दुसऱ्या दिवशी मांड्या का धरतात?

कॉलेजात असताना आम्ही मुंबईहून रात्रीच्या गाडीनं जाऊन कळसूबाई केलं. चढताना जीव घशात आला होता, उतरताना आम्ही गाणी म्हणत होतो. सोमवारी सकाळी गिरगावातल्या घराचा जिना मी उलटा उतरलो, कठड्याला धरून, पाठ रस्त्याकडे करून. आई म्हणाली, अंग आंबलंय तुझं. आता हा शब्द पाहा. आंबणं म्हणजे आंबट होणं. पुढे विज्ञानाच्या पुस्तकांनीही तेच सांगितलं, की स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं म्हणून दुखतं. मराठीनं तो सिद्धांत आधीच मांडून ठेवला होता. दोघंही चुकले. लॅक्टिक आम्ल भरपूर होतं ते चढताना, आणि तासाभरात रक्तातलं प्रमाण जवळपास पूर्ववत होतं. दुखणं येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि येतं उतरण्यामुळे, जिथे आम्ल फारसं तयारच होत नाही.

थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच शंका मांडली होती की स्नायूत आत कुठेतरी काही फाटत असावं. १९८१ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावलं, मग पायाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तंतूंच्या ओळी ज्या आडव्या रेघांना बांधलेल्या असतात, त्या रेघा जागोजाग विस्कटलेल्या होत्या. कपाट दोघांनीच खाली सोडलं, तळहात सोलवटले. उतरताना मेंदू थोडेच तंतू कामाला लावतो, कारण थोड्यांत भागतं, आणि त्या थोड्यांवर ताण जास्त पडतो. पुढची सूज, दुरुस्ती, हुळहुळेपण, हे सगळं त्यानंतरचं.

पण एकदा असं झालं की तोच स्नायू काही आठवडे तेवढ्याच उतरणीला दाद देत नाही. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातली पोरं रोज चढून-उतरून येतात, त्यांचं अंग आंबत नाही. आम्ही वर्षातून एकदा जायचो, म्हणून दरवर्षी आंबायचं.

प्राण्यांकडे वळतो, कारण तिथे ही गोष्ट जास्त उघडी दिसते. सुरुवात आपल्या मोरीपासून. म्हणजे मोरीतल्या झुरळापासून, हसू नका. कॅलिफोर्नियात रॉबर्ट फुल आणि सहकाऱ्यांनी, आपल्या घरातल्या नव्हे, उष्ण कटिबंधातल्या एका मोठ्या झुरळाच्या मागच्या पायाचा एक स्नायू अभ्यासला. जोडणी पाहिली तर तो पाय मागे ढकलून झुरळाला पुढे नेणार, असं कुणीही म्हटलं असतं. धावताना तो किती ताणतो आणि त्याला कधी संदेश मिळतो हे त्यांनी टिपलं, मग तीच हालचाल सुट्या स्नायूवर करून काम मोजलं. उत्तर उणे आलं. १९९८ साली त्यांनी छापलं, हा स्नायू धावताना ऊर्जा शोषतो. शवविच्छेदनाच्या टेबलावर स्नायूचं काम ओळखता येतं, हा आमच्या शाखेचा जुना गर्व. एका झुरळानं तो उतरवला.

टर्की या पक्ष्याचं वेगळंच. तिच्या पोटरीच्या स्नायूत मोजमापाची उपकरणं बसवून तिला पट्ट्यावर पळवलं. थॉमस रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचं हे काम १९९७ चं. सपाटीवर स्नायू जोर लावतो, पण लांबी जवळजवळ बदलत नाही. तो नुसता धरून ठेवतो, आणि ताणून परत येण्याचं काम कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी करते, स्प्रिंगसारखी. चढ दिला की मात्र स्नायूला आखडावं लागतं.

कंडरा ताणताना साठवलेल्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त परत देते. उरलेल्याची उष्णता होते. थोडीशीच, पण महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडा दौडताना पाहाल तेव्हा त्याच्या पुढच्या पायाच्या मागची ती बारीक दोरी बघा. दर टापेला ती ताणते, आणि आत रक्तपुरवठा इतका कमी की उष्णता वाहून न्यायला कुणी नाही. दौडणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सियस मोजलं गेलंय. शर्यतीच्या घोड्यांची तीच कंडरा वारंवार दुखावते, त्याला हेही एक कारण असावं असं म्हणतात.

आणि भेक. बेडकाचा तो खरबरीत भाऊबंद, पहिल्या पावसात अंगणात येतो तो. केन टोड नावाच्या भेकावर प्रयोग झाले. उडीनंतर तो पुढच्या पायांवर उतरतो, आणि जमिनीला टेकण्याच्या आधीच, हवेत असतानाच, त्या पायांचे स्नायू ताठ करून ठेवतो. उडी लांब असेल तर तयारीही जास्त. ब्रेक लावायचा तो धडकल्यावर नव्हे.

आपणही हेच करतो. अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकता आणि जमीन आधीच येते, तेव्हा सबंध कण्याला बसणारा तो हिसका आठवा. पायरी नव्हती एवढंच झालं. पण स्नायूंनी तयारी केली होती दुसऱ्याच क्षणाची.

म्हणून पुढच्या रांगांना सांगतो. उतारवयात चढायची, उचलायची ताकद जेवढी घसरते, तेवढी रोखून धरायची ताकद घसरत नाही. उतारवय हा शब्द मला त्यामुळे आवडू लागलाय. तरीही जिन्यावर पडणं बहुतेक वेळा उतरतानाच होतं. कारण ताकदीपेक्षा वेळेचा अंदाज चुकतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, पाऊल उशिरा सावध होतं.

ब्रेकलाही सराव लागतो, आणि तो स्वस्त आहे. हृदयाच्या रोग्यांना जेव्हा फार दम लागू द्यायचा नसतो तेव्हा असाच व्यायाम सोयीचा पडतो. टाचेच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर स्वीडनच्या हॉकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये पंधरा रोग्यांना बारा आठवडे फक्त टाच हळू खाली न्यायला लावली, पायरीच्या कडेवर उभं राहून, दिवसातून दोनदा. सगळे पुन्हा धावू लागले. घरी करायचं तर याहून सोपं, खुर्चीत बसताना धपकन बसू नका, पाच अंक मोजत बसा. गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न असतील तर खाली फाटकाशी बोलू, वेळ झाली. जाताना घाई करू नका, कठडा धरा. आणि शेवटची पायरी इतरांपेक्षा दोन बोटं खोल आहे. वर येताना ते कळत नाही. मी मघाशी ध्वनिक्षेपकाची वायर आणायला खाली गेलो, तेव्हा कळलं.