रेल्वेच्या हॉटेलात एक रात्र

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या रेल्वे इमारतींचं काय करायचं’. तिथपर्यंत येतोच. आधी जेवणाचं सांगतो. समोर निम्मे निवृत्त रेल्वेवाले बसलेत, त्यांना या वेळी दुसरं काय सुचणार?

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात विन्स्लो नावाचं गाव आहे, आपल्या कुर्डुवाडीसारखं रेल्वेच्या जिवावर वाढलेलं. तिथं सांता फे रेल्वेसाठी फ्रेड हार्वे कंपनीनं १९३० मध्ये ‘ला पोसादा’ हॉटेल उघडलं. आराखडा मेरी कोल्टर या बाईंचा. हार्वे मंडळींची शिस्त अशी, की गाडीत जेवणारे किती हे पुढच्या स्टेशनाला तारेनं कळायचं. गाडी थांबते तोवर पानं मांडलेली, अर्ध्या तासात जेवून माणूस परत डब्यात. नाहीतर आमचं एक जंक्शन! तिथं ऑम्लेट यायचं ते गाडी सुटल्यावर. नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे.

तर त्या हॉटेलच्या ‘टर्क्वाइज रूम’मध्ये आम्ही दोघं जेवायला बसलो. आलं काय, तर एका बाऊलमध्ये दोन सूप! एका बाजूला काळ्या घेवड्याचं, दुसऱ्या बाजूला मक्याचं पिवळंधमक, आणि मधे सरळ रेघ. मी चमचा उचलेना, रेघ मोडेल म्हणून. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, हे जमतं कसं? म्हणाल्या, दोन्ही सारखीच दाट करायची आणि दोन्हीकडून एकदम ओतायची. यावर आमची ही म्हणते, “घरी आमटी आणि पिठलं असं वाढलं तर खाल का?” शेंगाचटणी काढली का, असं मागून कोणीतरी विचारतंय. काढली हो! मक्याच्या बाजूला बरी लागते.

रात्री झोप कसली! बागेपलीकडेच रूळ. वर तार नाही, डिझेल इंजिनं, त्यामुळे कंटेनरवर कंटेनर चढवलेल्या लांबच लांब मालगाड्या. हिनं कानावर उशी घेतली आणि मी खिडकीत उभा, गार्डाचा डबा शोधत. तो त्यांनी कधीच काढून टाकलाय, हे सकाळी कळलं.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं. मुद्दा असा, की ते हॉटेल १९५७ मध्ये बंद पडलं, सामानाचा लिलाव झाला. इमारत मात्र पडली नाही, कारण रेल्वेनं आत कचेऱ्या थाटल्या. पार्टिशनं ठोकली, खाली खोटं छत आणलं, सगळं विद्रूप केलं. पण माणसांची ये-जा राहिली. १९९७ मध्ये ॲलन ॲफेल्ट यांनी ती घेतली आणि पुन्हा हॉटेल केलं. आजही शिकागो–लॉस एंजेलिस गाडी तिथं थांबते.

सोलापुरात रेल्वे आली १८६० ला, ‘बार्शी लाइट’ ही अरुंद रुळांची गाडी १८९७ ची; म्हणजे जुन्या इमारती आपल्याकडेही आहेत. आपल्याकडे इमारत रिकामी झाली की पहिलं काम कुलूप. मग पन्हळी तुंबतात, भिंती ओल धरतात, आणि चार पावसाळ्यांनी ‘धोकादायक’ची पाटी लागते. माझी मागणी एवढीच, की कुलूप लावू नका. कचेरी करा, वाचनालय करा, खानावळ करा, पण लांब मुदतीच्या करारानं द्या. अकरा महिन्यांच्या करारावर कोण छप्पर दुरुस्त करील? बंगाल-नागपूर रेल्वेच्या पुरीच्या हॉटेलाबद्दल बोलायचं होतं, ते आता प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारा.