पाणंदीच्या पोटातली वाट

नमस्कार मंडळी. उत्खनन म्हटलं की डोळ्यांसमोर भिंत येते, नाणं येतं, मूर्ती येते. वाट कुणाच्या डोक्यात येत नाही. साहजिक आहे. वाट कुणी बांधत नाही, ती पडते. जी बांधलीच नाही ती दोन हजार वर्षांनी शेतात सापडायची कशी? आज त्यावर बोलतो.

आधी थोडं लांब जाऊ, सीरियात. तिथे खाबूर नदीच्या मैदानात ताम्र-कांस्ययुगातल्या गावांची टेकाडं, म्हणजे जुन्या वस्त्या ढासळून झालेले उंचवटे, आहेत. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाच्या हेर उपग्रहांतून फोटो काढले. ते १९९५ मध्ये सगळ्यांना खुले झाले. त्यांत एकेका टेकाडापासून चहूकडे काळसर पट्टे गेलेले दिसतात. या वाटा. गुरं, मेंढरं, माणसं रोज तिथूनच गेली, मातीचा भुगा झाला, वारा-पाऊस तो घेऊन गेला आणि वाट खचली. खरी गंमत पुढे आहे. बरेचसे पट्टे गावापासून तीन ते पाच किलोमीटरवर विरून जातात. का? तिथे शेतं संपत होती. दोन्ही बाजूला पीक उभं असेपर्यंत कळपाला पट्टा सोडता येत नव्हता. पीक संपलं की कळप पांगला. म्हणजे वाट कुठे विरली ते बघायचं, की त्या गावाची शेती कुठवर होती ते कळलं! पुरातत्त्वात याहून देखणा तर्क मला तरी माहीत नाही.

आता आपली पाणंद डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे बांध, बांधावर घायपात, आणि वाट शेतापेक्षा कमरेएवढी खाली. पावसाळ्यात तिचा ओढा होतो म्हणून आपण शिव्या घालतो. पण ती खाली गेली ती याच कारणाने. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी तिला हलूच दिलं नाही.

जेसीबीने पाणंद रुंद केली की कडेला ताजा काप दिसतो. तिथे दोन मिनिटं थांबा. वर वीतभर नांगरटीची माती. तिच्याखाली कधीकधी वाटीसारखा खोलगट थर असतो: बारीक मुरूम, वाहून आलेली वाळू, पायाखाली चिरडून गोल झालेली खापरं. हे जुन्या वाटेचं अंग. पावसात ते धुपतं, नाहीतर महिनाभरात वर खडी पडते.

आपल्या बेळगाव-कोल्हापूर भागातून वाटा जात होत्या याबद्दल शंका नको. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवाची रोमन काशाची मूर्ती मिळाली. समुद्रदेव, तोही घाटमाथ्यावर! इथे बेळगावला लागून वडगाव-माधवपूरच्या शेतांत कर्नाटक विद्यापीठाने खोदलं आणि सातवाहन काळातली विटांची बांधकामं वर आली. आज तिथे वस्ती आहे. खानापुराकडची हलशी, म्हणजे कदंब राजांची पलाशिका, तिचे ताम्रपट नंदगडच्या वाटेवर मातीच्या ढिगात सापडले. ही ठिकाणं हवेत तरंगत नव्हती, त्यांना जोडणाऱ्या वाटा असणारच. पुढे रामघाटाने लमाणांचे बैल कोकणात उतरत, हे तर आजोबांच्या तोंडून ऐकलेले इथे अजून असतील.

वाटेइतकंच गुरांचं आवारही महत्त्वाचं, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा दख्खनचाच आहे. तेलंगणातल्या उटनूरला पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये राखेचा ढिगारा खोदला. ती राख निघाली जळालेल्या शेणाची. नवाश्मयुगातला तो गुरांचा वाडा, भोवती लाकडी खांबांचं कुंपण. खांब कधीच गेले होते, पण त्यांचे खड्डे होते आणि जमिनीवर गुरांच्या खुरांचे ठसेसुद्धा.

असं काही जमिनीवरून ओळखायचं कसं? बुजलेल्या चरात माती भुसभुशीत, ओल जास्त, म्हणून तिथलं पीक उंच आणि उशिरा पिकणारं. खाली दगड असेल तर पीक खुरटं आणि लवकर पिवळं. इंग्लंडात १९२५ मध्ये इन्सॉल नावाच्या वैमानिकाने विमानातून असेच डाग टिपले आणि वुडहेंज हे लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ सापडलं. आपल्याकडे मात्र हे इतकं सोपं नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचं खाली जातं, पावसात फुगते, थर कालवले जातात. खानापुराकडे भाताची चिखलणी. हिडकल धरणानंतर घटप्रभेकाठी ऊस आला, आणि उसाखाली काय दिसणार? म्हणून धरणाआधीचे कोरोना फोटो आपल्यासाठी सोन्याच्या मोलाचे. जमिनीखालचं काय ते चुंबकत्वातल्या फरकावरून शोधणारं चुंबकीय सर्वेक्षणाचं यंत्रही काळ्या फत्तरावर गोंधळतं, कारण तो दगड स्वतःच चुंबकीय. गोकाकच्या वाळूखडकावर त्यापेक्षा बरं चालतं.

आणखी एक अडचण आहे, यंत्रापेक्षा मोठी. पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, माती खत म्हणून, धाब्याच्या घराच्या छपरावर घालायला म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या गाडीने उचलली. कितीतरी टेकाडं अशीच सपाट झाली. आणि खापर सापडलं की शेतकरी गप्प बसतो, ‘सरकार जमीन घेईल’ म्हणून. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा म्हणतो. दहा रुपये! तो ठेव्याचा कायदा आहे, फुटक्या खापराला आणि वाटेला त्यात कुणी विचारत नाही. तेव्हा घाबरू नका, पण खापर जागचं उचलूही नका. कुठल्या सर्व्हे नंबरात, कोणत्या बांधाजवळ आहे ते लिहून ठेवा. खापर घरी नेलंत तर तो फक्त तुकडा उरतो.

ड्रोनबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. ड्रोन हवाच असं नाही. आधी गावनकाशा काढा. त्यात गाडीवाटा दाखवलेल्या असतात, आज मोडलेल्याही. मग अथणी-चिक्कोडीकडे कोरडवाहू रब्बीची ज्वारी असेल तिथल्या डोंगरावरच्या देवळात जा. सकाळी ऊन तिरपं असताना पायऱ्यांवरून खाली बघा, आणि नकाशात मोडलेली वाट ज्या शेतातून जाते त्या शेतातली ज्वारी कुठे आधी पिवळी पडली आणि कुठे उशिरापर्यंत हिरवी राहिली तेवढं टिपून आणा.