सेल्फ फिरेना

(दृश्य: पावसाळी सकाळ. गॅरेजचा पत्रा, पत्र्यावरून पाण्याची धार. बॉनेट उघडलेली पेट्रोल कार.)

चावी फिरते. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात. मग बॉनेटखालून आवाज येतो... घुंऽऽ... घुं... आणि सगळं थांबतं.

रत्नागिरीजवळचं हे गॅरेज. समुद्र इथून दिसत नाही, पण त्याची खारी हवा इथल्या प्रत्येक नटबोल्टला ठाऊक आहे. गाडीचे मालक शाळेत शिक्षक आहेत. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी नवी बॅटरी बसवली. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता कुणीतरी सांगितलंय, सेल्फच, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटरच, गेला, बदलून टाका.

“सर, काही बदलायचं नाही. आधी मोजू,” मिस्त्री म्हणतात.

गियर न्यूट्रल. हँडब्रेक वर. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून खिशात, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटरची दोन्ही टोकं बॅटरीच्या खांबांवर. १२.६ व्होल्ट. बॅटरी भरलेली आहे.

“सर, मारा सेल्फ.”

आकडा ११.२ वर येतो. इथे घाई करणारा माणूस फसतो. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊच्या खाली गेली, तर बॅटरीवर संशय घ्यायचा. ११.२ म्हणजे बॅटरी ठणठणीत, असंच कुणालाही वाटेल. बॅटरी ठणठणीत आहेच. पण इंजिन धापा टाकत असताना बॅटरीवर इतका कमी ताण का? कारण जितका करंट सेल्फला हवा, तितका तिच्यातून निघतच नाहीये. वाटेत कुणीतरी अडवतंय.

(दृश्य: पावसात चमकणारे हेडलाइट. सेल्फ मारला जातो, दिवे जेमतेम मंदावतात.)

लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १०० ते १५० अँपिअर करंट ओढतो. एवढ्या करंटच्या वाटेत एक शतांश ओहमचाही अडथळा आला, तर एक ते दीड व्होल्ट तिथेच जळून जातो. साध्या मीटरवर ओहम लावून हा अडथळा शोधायला जाल, तर मीटर शून्य दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून वायर मोजायची ती करंट वाहत असताना. गॅरेजच्या धंद्यात ही गोष्ट विसरली, की गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात.

आधी प्लसची बाजू. एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारला की ०.३ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

आता अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परतण्याची वाट. एक टोक सेल्फच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खांबावर. सेल्फ मारा.

३.१.

इथे ०.२ च्या वर जायला नको. ११.२ मधून ०.३ आणि ३.१ वजा करा. बिचाऱ्या सेल्फच्या वाट्याला जेमतेम ७.८ व्होल्ट येतात.

मिस्त्री ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावतात. कोमट. सरांचा हात धरून त्यांनाही दाखवतात. जाड अर्थिंग वायर वाट देत नाही, तेव्हा करंट मिळेल त्या लोखंडातून परतायला बघतो, आणि ही बारीक केबल तापते.

सेल्फ मारल्यावर टक असा आवाजही आला नसता, तर शोध वेगळा असता. मग फ्यूज, रिले, क्लचचा स्विच आणि सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचला, जाणारी बारीक वायर टेस्ट लॅम्पने तपासायची. आणि हातोडीने ठोकल्यावर सेल्फ फिरला, तर बहुतेक त्याच्या आतले कार्बन ब्रश झिजलेत. पण आज तो प्रश्नच नाही.

(दृश्य: गाडीखाली टॉर्चचा उजेड. लाल चिखल. गिअरबॉक्सवरचा एक बोल्ट.)

इथे येते बॅटरीची मायनस वायर. वरून बोल्ट घट्ट आहे. बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवून मिस्त्री तो खोलतात, आणि वायरच्या टोकाची कडी हिरवी निघते. खाली गिअरबॉक्सवर पांढरी भुकटी. खारी हवा आणि पावसाचं पाणी कित्येक वर्षं तिथे मुरत होतं.

पॉलिश पेपर. धातू उजळेपर्यंत. कडी आत वायरपर्यंत कुजलेली नाही, नाहीतर वायरच बदलावी लागली असती. बोल्ट आवळून वर ग्रीसचा हात.

पुन्हा मीटर. अर्थिंगवर ०.१५. आणि बॅटरीवर? १०.४. मघापेक्षा आकडा खाली आलाय, आणि मिस्त्रींचा चेहरा खुलतो. सेल्फ आता पोटभर करंट खातोय.

फ्यूज परत जागेवर. चावी. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. बॅटरीवर १४.१, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही नीट.

“सर, जुनी बॅटरी काय केलीत?”

“डिकीत आहे. द्यायची राहून गेली.”

मिस्त्री ती काढून आणतात, टर्मिनल जोडतात आणि चावी सरांच्या हातात देतात. सर सेल्फ मारतात.

गाडी सुरू होते.